अंगण कोणाचे? बोर्डीच्या अंगणवाडीचे प्रकरण आणि आजचे सेविका-प्रशिक्षण

१९४५ च्या अखेरीस ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावात (हे गाव आता पालघर जिल्ह्यात येते) ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. केंद्राची बालवाडी भरू लागली, मुलेही येऊ लागली. पण ज्या मुलांसाठी मुंबई सोडून येथे यायचे ठरले होते ती मुले त्यांत नव्हती. गावातील बऱ्या स्थितीतल्या घरांची मुले येत. तेव्हाच्या भाषेत ज्याला हरिजनवाडा म्हणत तेथील मुले येत नसत, आणि आदिवासी पाड्यांवरची मुले तर आणखीच लांब राहिली. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी यावर काढलेला मार्ग पुढे प्रसिद्ध झाला. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे न्यावी, वाड्यातल्या अंगणात मुले जमवावीत आणि बालवाडी तेथेच भरवावी, असे त्यांनी ठरवले. अंगणात भरणाऱ्या या बालवाडीला अंगणवाडी हे नाव मिळाले, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केल्यावर हाच शब्द देशभरच्या सरकारी कागदपत्रांत जाऊन बसला.

अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात ही हकिकत बहुधा पहिल्या दिवशी, परिचय आणि चहा यांच्या मधल्या वेळात, पाच मिनिटांत सांगून होते. ती प्रेरणा म्हणून सांगितली जाते, त्यामुळे तिच्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. विविधता, समता आणि समावेशन या विषयावर सेविकांबरोबर काम करताना मी हीच हकिकत उलट्या बाजूने वापरू लागलो. आदर्श म्हणून न सांगता मी ती तपासायचे प्रकरण म्हणून समोर ठेवतो. अडचण नेमकी काय होती, शिक्षिकेला काय नव्याने शिकावे लागले, काय सुटले आणि काय तसेच राहिले, एवढेच त्यात विचारायचे असते. या चौकशीतून माझ्या हाती जे लागले ते थोडक्यात असे, की मुलापर्यंत पोचणे आणि मुलांना एकत्र बसवणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत, बोर्डीने त्यांपैकी पहिले केले, आणि आपले प्रशिक्षण आजही पहिल्याला दुसरे समजून चालते.

पार्श्वभूमी

ताराबाई बोर्डीला आल्या तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या आणि बालशिक्षणात त्यांची दोन दशके गेली होती. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करण्यासाठी त्या १९२३ मध्ये गेल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झाले. मुलाला मारू नये, धमकावू नये, त्याच्या हातांना काम द्यावे आणि त्याच्या कलाने शिकू द्यावे हा विचार त्या काळच्या मराठी घरांत नवा होता, आणि ताराबाईंनी तो मध्यमवर्गीय पालकांत चांगला रुजवला. मात्र माँटेसरी पद्धतीची लाकडी साधने महाग होती, शिक्षिका शहरात तयार होत होत्या आणि बालमंदिरे फी देऊ शकणाऱ्यांच्या वस्तीत उघडत होती. आपण बालशिक्षणाला भारतीय रूप दिले खरे, पण ते भारतातल्या फार थोड्या मुलांना मिळाले, ही टोचणी बोर्डीच्या निर्णयामागे होती.

अनुताई वेगळ्या वाटेने आल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि त्यानंतर काही महिन्यांतच वैधव्य आलेली ही मुलगी जिद्दीने शिकली, खेड्यात शिक्षिका झाली आणि पुढे पुण्याच्या हुजूरपागा या मुलींच्या शाळेत अनेक वर्षे शिकवत राहिली. १९४५ मध्ये कस्तुरबा स्मारक निधीच्या वतीने बोरिवलीला ग्रामसेविकांचे शिबिर झाले. तेथे त्यांची ताराबाईंशी गाठ पडली, आणि पुण्यातली स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या. त्यांचे वय तेव्हा पस्तीस होते. ही माहिती प्रशिक्षणात मी मुद्दाम सांगतो, कारण समाजाने एका कोपऱ्यात बसवलेल्या माणसाला दुसऱ्याचा कोपरा आपोआप दिसतो असा एक भाबडा समज आपल्याकडे आहे. विधवापणाचे चटके आणि जातीचे चटके सारखे नसतात. अनुताईंनी ग्रामीण आणि आदिवासी मुलांविषयी जे जाणले ते त्यांना अनेक वर्षे तेथे राहून शिकावे लागले.

बोर्डीचा परिसरही समजून घेतला पाहिजे. किनाऱ्याला मच्छीमार, बागायतदार, व्यापारी, पारशी आणि इराणी वाडीवाले. आत डोंगराकडे वारली, दुबळा, धोडिया, कातकरी हे आदिवासी. गुजरातची सीमा आज हाकेच्या अंतरावर आहे. तेव्हा ती नव्हतीच, आणि शेजारचा उंबरगाव तालुका १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. त्यामुळे मुलांच्या तोंडी मराठी, गुजराती आणि आदिवासी बोली एकमेकींत मिसळलेल्या असत. याच १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे किसान सभा या शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद झाली आणि वेठबिगारीविरुद्ध उठाव सुरू झाला. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला. म्हणजे बालवाडीची घंटा बोर्डीत वाजू लागली तेव्हा आसपासच्या पाड्यांवरची माणसे जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायला नकार देत होती. बालशिक्षणाच्या आपल्या पुस्तकांत या दोन गोष्टी एका पानावर क्वचितच येतात. शिशुगीते आणि वेठबिगारी यांचा संबंध काय, असे सेविका विचारतात. ज्याच्या बापाला शेठच्या वाड्यात मान खाली घालून उभे राहावे लागते त्या मुलाला गावातल्या चांगल्या ओटीवर जाऊन गोलात बसायला सांगणे म्हणजे काय, हा तो संबंध आहे.

मुले का आली नाहीत

पहिले आणि सोपे उत्तर सर्वांना सुचते: आईबापांना शिक्षणाचे महत्त्व नव्हते. प्रशिक्षणात हा प्रश्न टाकला की दहापैकी आठ हात याच उत्तराला वर होतात, आणि मला त्यात नवल वाटत नाही, कारण सेविकेच्या रोजच्या कामात पट कमी झाला तर वरिष्ठांना द्यायचे ठरलेले उत्तरही हेच असते. पण बोर्डीच्या प्रसंगातच त्याचे खंडन आहे. शाळा अंगणात गेल्यावर तीच मुले, त्याच आईबापांची, येऊन बसली. महत्त्व कळायला काही महिने लागले असते. प्रत्यक्षात बदलली होती फक्त जागा.

जागा बदलल्यावर कोणकोणत्या अडचणी गळून पडल्या हे पाहिले की मूळ कारणे उघड होतात. अंतर ही त्यांतली सर्वांत लहान अडचण. तीन वर्षांच्या मुलाला कोणीतरी पोचवावे आणि आणावे लागते, आणि मजुरीला सकाळी बाहेर पडणाऱ्या आईला ते शक्य नसते. त्याहून मोठी अडचण वाटेची. हरिजनवाडा गावकुसाच्या कडेला असतो आणि तेथून गावात येणारी वाट कोणाकोणाच्या दारावरून जाते, कोणत्या दारापुढे मुलाने पळू नये आणि कोणत्या ओट्याला हात लावू नये, हे त्या मुलाला आईने बोलता येण्याआधीच शिकवलेले असते. अस्पृश्यता पाळणे हा राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने गुन्हा ठरला तो पुढे, १९५० मध्ये, आणि त्यासाठीचा स्वतंत्र कायदा आला १९५५ मध्ये. १९४५ च्या बोर्डीत ती रोजची रीत होती. आणि शेवटची अडचण बालवाडीच्या दारातच होती. आत बसलेल्या मुलांच्या घरच्यांना शेजारी कोण बसलेले चालेल, हा प्रश्न कोणी उघड विचारला नाही तरी त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक होते.

बालवाडीचे दार कोणाला बंद नव्हते. समावेशनाच्या सत्रात मी सर्वांत जास्त वेळ या वाक्यावर घालवतो. आजही जवळजवळ प्रत्येक सेविका मनापासून म्हणते की माझ्या अंगणवाडीत कोणालाही मनाई नाही, आणि ते खरेच असते. बोर्डीतही मनाई नव्हती. दार उघडे ठेवणे आणि मुलाला त्या दारापर्यंत येता येणे यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्याची जबाबदारी कोणाची, हा बोर्डीने उपस्थित केलेला प्रश्न आहे. ताराबाईंचे मोठेपण असे, की त्यांनी ती जबाबदारी आईबापांवर न टाकता शिक्षिकेच्या पायांवर टाकली.

शिक्षिकेला काय शिकावे लागले

शिशुविहारात तयार झालेल्या शिक्षिकेला साधने कशी मांडावीत, मुलाचे निरीक्षण कसे करावे, टिपण कसे ठेवावे हे येत असे. अंगणात यातले बरेच निरुपयोगी ठरले. मांडायला खोली नव्हती आणि महाग साधने परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या, माती हीच साधने झाली. मोजायला चिंचोके, प्रतवारी लावायला समुद्रकाठचे शंख. इंद्रियशिक्षणाचा विचार तोच राहिला आणि साहित्य त्या गावचे झाले. याची स्तुती आपण स्वस्त साधनांचे उदाहरण म्हणून करतो. माझ्या मते त्यातला महत्त्वाचा भाग वेगळा आहे. लाकडी ठोकळ्यांच्या खोलीत वाड्यातले मूल अडाणी ठरते, आणि शिंपल्यांच्या अंगणात शहरातून आलेली बाई अडाणी ठरते. कोणता शंख कोठे सापडतो हे मुलाला ठाऊक असते, तिला नसते. समतेचा धडा शिक्षिकेला एवढ्या थेटपणे दुसऱ्या कोणत्या पद्धतीने देता आला असता असे मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. बालवाडीत मुले शिक्षिकेकडे येतात तेव्हा घंटा शिक्षिकेची असते. अंगणात शिक्षिका पाहुणी असते. घरात कोणी आजारी असेल, अंगण सारवलेले ओले असेल, मजुरीचा वाटा मिळायच्या दिवशी सगळे बाहेर असतील, तर थांबायचे तिने. ज्या जातींच्या घरी जाऊन बसायची तिला सवय नव्हती त्यांच्या अंगणात ती परवानगी घेऊन बसू लागली, हा फरक लहान नव्हता. स्वतःच्या घरी परत गेल्यावर तिला नातेवाइकांनी काय विचारले असेल हे आपण सहज ओळखू शकतो.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची, आणि येथे मला बोर्डीकडे थोडे कठोरपणे पाहावेसे वाटते. अंगणवाडीच्या कामाची सुरुवात मुलांना आंघोळ घालणे, डोके विंचरणे, नखे कापणे यांपासून होई. यामागचा जिव्हाळा खरा होता; उवा आणि खरूज यांनी बेजार झालेल्या मुलाला आधी बरे वाटू दे, मग गाणे, हा क्रम कोणीही समजून घेईल. पण हीच कृती अनेक वर्षे प्रशिक्षणातून पुढे पोचत गेली तसा तिच्यातला जिव्हाळा गळाला आणि नजर उरली. मूल आले की आधी त्याची अस्वच्छता दिसावी, वाड्यातल्या मुलाची जरा जास्त दिसावी, आणि ती आईच्या आळसाची खूण वाटावी, अशी ती नजर. पाणी कोठून येते, वाड्याची विहीर वेगळी आहे का, नळ किती दिवसांनी येतो, हे विचारल्याशिवाय नखे तपासणारी सेविका स्वच्छतेच्या नावाखाली जात तपासत असते आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. सत्रात हे वाक्य मी थेट बोलत नाही. आधी प्रत्येकीला आपल्या केंद्रातल्या पाच मुलांच्या घरचे पाणी कोठून येते ते लिहायला सांगतो. लिहिता लिहिता ज्यांना कळायचे त्यांना कळते.

वेगळे अंगण

आता या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग. शाळा वाड्यात गेली, मुले बसली, शिकली. पण गावातली मुले मध्यवर्ती बालवाडीत आणि वाड्यातली मुले वाड्याच्या अंगणात, अशी रचना काही काळ तरी झाली. मध्यवर्ती बालवाडी आणि अंगणातली बालवाडी असे दोन प्रकार त्या कामात मानलेच गेले होते. तीन-चार वर्षांच्या वयात, ज्या वयात कोणाशेजारी बसावे हे अजून पक्के झालेले नसते, त्या वयात ही मुले एकमेकांना भेटली नाहीत. ताराबाईंना हे दिसत नसेल असे मानणे म्हणजे त्यांचा अपमान करणे होईल. त्यांच्यापुढे निवड होती ती एकत्र शाळा आणि वेगळी शाळा यांतली नव्हतीच. वेगळी शाळा किंवा शाळाच नाही, एवढीच होती. त्यांनी जे निवडले ते बरोबर होते असे मी मानतो. मात्र बरोबर निवडीचीही किंमत असते, आणि ती किंमत आपण पुढच्या पिढीच्या प्रशिक्षणात कधी लिहून ठेवली नाही.

याच वळणावर देश साठ वर्षांनी पुन्हा येऊन उभा राहिला. अन्नाच्या अधिकाराविषयी २००१ मध्ये दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी अनुसूचित जाती आणि जमातींच्या सर्व वस्त्यांमध्ये लवकरात लवकर अंगणवाडी असावी असा आदेश दिला. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने अशा वस्त्यांना अग्रक्रम द्यायला सांगितले, आणि जेथे सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले आहेत पण अंगणवाडी नाही अशा वस्तीला मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळण्याचा हक्क दिला. हे आदेश का द्यावे लागले, तर तोवर अंगणवाडीची जागा ठरताना ती बहुतेकदा गावाच्या मध्यात, म्हणजे गावात ज्यांचे चालते त्यांच्या आळीत, ठरत असे. न्यायालयाचा आदेश हा एका अर्थाने बोर्डीचाच मार्ग होता: शाळा वस्तीकडे न्या. त्याचा लाभ मोठा झाला. आणि बोर्डीची किंमतही सोबत आली. गावात आज दोन अंगणवाड्या असतील तर कोणत्या अंगणवाडीत कोणाची मुले जातात हे पट न पाहता, नुसता रस्ता पाहून सांगता येते.

म्हणून वस्तीत अंगणवाडी नको असा निष्कर्ष काढणारा माणूस मुलांच्या बाजूचा नाही. प्रशिक्षणात हा मुद्दा आला की एखादी सेविका हमखास म्हणते की मग एकच केंद्र गावात ठेवा, सगळे एकत्र येतील. तिला मी पुन्हा १९४५ च्या बोर्डीत नेतो. एकत्र ठेवले होते; कोण आले? आधी पोचणे, आणि पोचल्यावर एकत्र येण्याच्या वाटा जाणीवपूर्वक करणे, हा क्रम आहे. दोन अंगणवाड्यांचे बालमेळावे एकत्र घेणे, आळीपाळीने एकमेकांच्या अंगणात जाणे, आणि त्यातही वाड्यातली मुले गावात जाण्याआधी गावातली मुले वाड्यात येणे, एवढे तरी सेविकेच्या हातात असते. शेवटचा भाग सर्वांत कमी वेळा घडतो.

कोसबाड: जागेनंतर दिवस

१९५७ मध्ये हे काम बोर्डीहून आत, कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारली मुलांच्या मध्यात आले. बोर्डीत सापडलेले उत्तर तेथे पुरले नाही. पाडे विखुरलेले, अंगणे लांब लांब. शिवाय मोठी मुले शाळेत येत नव्हती ती जातीच्या वाटेमुळे नव्हे, तर कामामुळे. आठ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन असे आणि मुलगा गुरांमागे असे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी ही कल्पना यातून आली. भावंडाला पाळणाघरात ठेवले की ताई वर्गात बसू शके, आणि मधूनमधून उठून त्याला पाहूनही येई. गुरांमागच्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली गेली. तिला कुरणशाळा म्हणत.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने मला कोसबाड बोर्डीपेक्षा अधिक शिकवणारे वाटते. बोर्डीत शाळेने आपली जागा बदलली. कोसबाडमध्ये शाळेने मुलाचा दिवस जसा आहे तसा मान्य केला आणि त्याभोवती स्वतःला मांडले. कडेवरचे भावंड ही शिक्षणातली अडचण मानली असती तर त्या मुलीला घरी पाठवणे एवढेच उरले असते. ते भावंड तिच्या जगण्याचा भाग आहे असे धरल्यावर पाळणाघर सुचले. आजच्या पालघरमध्ये हाच प्रश्न दिवसाऐवजी वर्षाचा झाला आहे. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात आणि पावसाआधी परततात. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींसाठीच्या सरकारी ॲपवर अशा मुलाची नोंद स्थलांतरित म्हणून करता येते आणि ते ज्या गावी जाईल तेथे त्याला आहार मिळावा अशी सोय आहे. पण भट्टीवर आलेले मूल हे आपल्या केंद्राचे मूल आहे असे तेथील सेविकेला वाटणे हे नोंदीने होत नाही. तिच्या लेखी ते बाहेरचे असते, त्याची बोली निराळी असते, आणि चार महिन्यांनी जाणाऱ्या मुलाला कशाला शिकवायचे हा प्रश्न ती मनात तरी विचारतेच.

बोलीचा मुद्दा येथे जोडून घेतला पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याने लहान मुलांना घरच्या भाषेत शिकवण्यावर भर दिला आहे. मराठी राज्यात घरची भाषा म्हणजे मराठी असे आपण गृहीत धरतो. वारली, कातकरी, भिली, कोरकू, गोंडी, माडिया किंवा बंजारा बोली बोलणाऱ्या घरातल्या मुलाला प्रमाण मराठीतले बडबडगीत हेही परके असते. अशा मुलाला सेविका अबोल म्हणते आणि विकासाच्या नोंदीत भाषेच्या रकान्यात मागे टाकते. घरी ते मूल दिवसभर बोलत असते.

आजचे प्रशिक्षण

पूर्वी नव्या सेविकेला सव्वीस दिवसांचे कामाचे प्रशिक्षण आणि मदतनिसाला आठ दिवसांचे उद्बोधन अशी रीत होती. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'पोषण भी पढाई भी' या कार्यक्रमात सेविकांना तीन दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिव्यांग मुलांसाठीची अंगणवाडी नियमावली आली, आणि २०२४ मध्ये तीन ते सहा वयोगटासाठी 'आधारशिला' हा अभ्यासक्रम. साहित्य पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले आहे हे कबूल केले पाहिजे. दिव्यांग मूल लवकर ओळखणे आणि त्याला केंद्रातच सामावणे याविषयी इतक्या स्पष्टपणे सेविकेला पूर्वी कोणी सांगितले नव्हते. माझी हरकत वेगळी आहे. समावेशन हा शब्द आता प्रशिक्षणात जवळजवळ दिव्यांगत्वापुरताच उरला आहे. लिंगभावाचे एखादे सत्र होते. जातीचा उल्लेख येत नाही, आणि आलाच तर 'आपण सर्व एक आहोत' या गाण्यात येतो. कारणही समजण्यासारखे आहे. श्रवणदोष ओळखण्याची यादी करता येते आणि ती वाचून कोणी दुखावत नाही. जातीची यादी करायला गेले तर समोर बसलेल्या चाळीस जणींतच ती निघते.

एका तालुक्याच्या ठिकाणी झालेल्या सत्रात हे माझ्यासमोर घडले. त्या दिवशी सेविकांबरोबर काही मदतनीसही आल्या होत्या, जे सहसा होत नाही. केंद्रातली कामे कशी वाटली जातात असा साधा प्रश्न होता. एका सेविकेने सांगितले की आमच्याकडे काही भेद नाही, सर, सगळे मिळून करतो. तिच्या शेजारी बसलेली मदतनीस थोडा वेळ गप्प राहिली आणि मग, तक्रारीचा सूर मुळीच न लावता, म्हणाली: "मी केर काढते, पाणी भरते, पोरं घेऊन येते. चुलीजवळचं ताईच बघतात." मदतनिसाच्या कामात स्वयंपाक पहिला येतो हे खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक होते. शालेय माध्यान्ह भोजनात स्वयंपाकी नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे असा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २००४ चा आदेश आहे. तो मला पाठ होता आणि त्या क्षणी मी तो उच्चारला नाही. उच्चारला असता तर त्या बाईंना दुसऱ्या दिवशी त्याच सेविकेबरोबर त्याच केंद्रात काम करायचे होते, आणि मी जिल्ह्याच्या गाडीत बसून निघून गेलो असतो.

मी गप्प राहिलो ते बरोबर केले की नाही याविषयी माझे मन अजून एकमत नाही. पण त्या दिवसापासून सत्राची रचना मी बदलली. समावेशन शिकवायला बाहेरचा प्रशिक्षक येतो आणि सेविका शिकते, हे गृहीतच बोर्डीच्या विरोधात जाणारे होते. अंगणात शिक्षिका पाहुणी होती आणि वाडा यजमान. अंगणवाडीत वाड्याची बाजू जिला ठाऊक असते ती बहुतेकदा मदतनीस असते. ती त्याच वस्तीतली असते, मुलांना घरून तीच आणते, कोणत्या आईने मूल का पाठवले नाही हे तिलाच आधी कळते. आणि प्रशिक्षणाला ती नसते, कारण त्या तीन दिवसांत केंद्र चालवायला कोणीतरी मागे राहावे लागते.

आता जेथे पर्यवेक्षिका मान्य करतात तेथे मी दोघींना बोलावतो, पण वेगवेगळ्या दिवशी. प्रत्येकीला एक कोरा कागद देतो आणि गावाचा नकाशा काढायला सांगतो: अंगणवाडी, देऊळ, विहीर किंवा नळ, मुलांची घरे, आणि मूल केंद्रात येते ती वाट. लिहिता येत नसेल तर नुसत्या रेघा चालतात. नावे कोणीच लिहायची नाहीत. तालुक्यातले सगळे कागद जमले की सेविकांचे एका भिंतीवर आणि मदतनिसांचे समोरच्या भिंतीवर लावतो, आणि पर्यवेक्षिकांना दोन्ही भिंतींमधून चालायला सांगतो. सेविकांच्या नकाशांवर विहीर बहुधा एक असते. समोरच्या भिंतीवर पुष्कळदा दोन असतात, आणि मुलाची वाट देवळाला वळसा घालून जाते.